फाईल कुणी बदलली? पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी

समजा, एका कंत्राटदाराच्या कार्यालयात निविदेचे दरपत्रक तयार होत आहे. सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेल्या एक्सेल फाईलवर तिघेजण काम करतात. संध्याकाळी एकूण रक्कम ४,८५,००० रुपये होती. दुसऱ्या दिवशी निविदा भरायला घेतली तेव्हा ती ४,५८,००० दिसू लागली. आपण काही बदलल्याचे तिघांपैकी कुणालाच आठवत नाही. फाईलचे गुणधर्म उघडून पाहिले, तर शेवटचा बदल रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी झाला एवढेच कळते. सत्तावीस हजारांचा हा फरक आकडे उलटसुलट पडल्यामुळे झाला, की कुणी मुद्दाम केला, याचे उत्तर त्या संगणकात नसते.

असा एखादा प्रसंग घडला, की मग फाईलींवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची चौकशी सुरू होते. बाजारात अशी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. ‘फोल्डर मॉनिटर’, ‘चेंज ट्रॅकर’, ‘इंटिग्रिटी चेकर’ अशी त्यांची वर्णने असतात आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत ‘एकही बदल सुटणार नाही’ असे आश्वासन असते. मात्र या नावांखाली तीन निरनिराळ्या जातींची साधने विकली जातात. पैसे वाया जातात ते बहुधा ही जात न ओळखल्यामुळे.

पहिली जात तुलना करणाऱ्यांची. कालचे फोल्डर आणि आजचे फोल्डर शेजारी ठेवून ‘काय बदलले’ हे ती ओळीगणिक दाखवते. दुसरी जात पहारेकऱ्याची. ती पार्श्वभूमीला सतत चालू राहते आणि ‘केव्हा बदलले’ याची नोंद त्या क्षणीच करते. तिसरी जात ठसे घेणारी. प्रत्येक फाईलचा गणिती ठसा काढून ती तो जपून ठेवते आणि पुढे केव्हाही ‘ही तीच फाईल आहे का’ हे सांगते. ‘कुणी बदलले’ हा चौथा प्रश्न यांपैकी कुणाच्याच थेट आवाक्यातला नाही. त्याचे उत्तर ऑपरेटिंग सिस्टीमकडूनच मिळवावे लागते. कंत्राटदाराला हवे होते ते नेमके हेच.

घरातच असलेली साधने

खरेदीला निघण्यापूर्वी संगणकात आधीपासून काय आहे, ते पाहिलेले बरे. दोन फाईलींची तुलना करणारी ‘एफसी’ ही आज्ञा डॉसच्या काळापासून मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींत आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाईल-रचनेत विंडोज २००० पासून ‘चेंज जर्नल’ नावाची एक वही आहे. डिस्कवरील कोणती फाईल निर्माण झाली, वाढली, पुसली गेली किंवा तिचे नाव बदलले, याच्या त्रोटक नोंदी तीत होत असतात. वहीची पाने मर्यादित असल्याने जुन्या नोंदी गळत जातात, आणि बदलाचा मजकूर किंवा बदल करणाऱ्याचे नाव तीत नसते. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये ‘फाईल हिस्टरी’ आली. ती ठरवून दिलेल्या फोल्डरांच्या प्रती मूळ योजनेप्रमाणे दर तासाला दुसऱ्या डिस्कवर ठेवते. ॲपलच्या ‘टाइम मशीन’ने हे काम २००७ मध्येच सुरू केले होते. लिनक्समध्ये २००५ पासून ‘इनोटिफाय’ ही सोय गाभ्यातच आहे. गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या सामान्य फाईलींच्या जुन्या आवृत्त्याही ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात.

मोफत साधनांतही चांगली साधने आहेत. तुलनेसाठी ‘विनमर्ज’ अनेक वर्षे वापरात आहे. कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाईलला हात लावतो हे पाहायचे असेल, तर ‘प्रोसेस मॉनिटर’ आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी ‘फाइलमॉन’ व ‘रेगमॉन’ ही साधने तयार केली होती. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये त्यांची कंपनी विकत घेतल्यावर ती दोन्ही या एका साधनात आली. अर्थात ते तंत्रज्ञांसाठी आहे. काही मिनिटांत त्यात लाखो ओळी जमतात, आणि कार्यालयातील कारकुनाने त्या चाळाव्यात अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

‘कुणी’ या प्रश्नासाठी विंडोजमध्येच लेखापरीक्षणाची, म्हणजे ऑडिटची सोय आहे. फोल्डरवर ती चालू केली, की फाईलला झालेला स्पर्श सुरक्षा-नोंदवहीत ४६६३ या क्रमांकाखाली, वापरणाऱ्याच्या नावासह नोंदला जातो. दोन गोष्टी मात्र आड येतात. या नोंदवहीचा ठरावीक आकार साध्या संगणकावर २० एमबी असतो आणि तो भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. गजबजलेल्या फोल्डरवर हे लवकरच घडते. दुसरी अडचण तंत्राची नसून सवयीची आहे. आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत सगळेजण एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने संगणक उघडतात. तसे असेल तर नोंदवहीत रात्री ९ वाजून १२ मिनिटांसमोर ‘ॲडमिन’ एवढेच नाव सापडेल. कितीही महाग सॉफ्टवेअर आणले तरी त्याहून अधिक काही कळणार नाही. प्रत्येकाला वेगळे खाते उघडून देण्यास मात्र काही खर्च येत नाही.

ठशांची गोष्ट

ठसे घेणाऱ्या साधनांचा इतिहास अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठापर्यंत जातो. जीन किम हा विद्यार्थी आणि यूजीन स्पॅफर्ड हे प्राध्यापक यांनी १९९२ मध्ये ‘ट्रिपवायर’ तयार केले. १९८८ च्या नोव्हेंबरातील मॉरिस ‘वर्म’ने इंटरनेटवरील हजारो संगणक जेरीस आणले होते. घुसखोर आत येऊन गेला, तर त्याने नेमके काय बदलले हे कसे ओळखायचे, हा त्या काळचा ज्वलंत प्रश्न होता. ट्रिपवायरची युक्ती साधी होती. संगणक निर्दोष आहे अशी खात्री असताना महत्त्वाच्या प्रत्येक फाईलचा ठसा काढायचा आणि ती यादी ज्यावर पुन्हा लिहिता येणार नाही अशा माध्यमावर ठेवायची. पुढे ठराविक काळाने ठसे पुन्हा काढून ताडून पाहायचे. एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्णपणे निराळा येतो. ट्रिपवायर पुढे व्यावसायिक झाले. २००० मध्ये त्याची एक मुक्त आवृत्ती निघाली, तर ‘एड’ नावाचा मोफत पर्याय त्याच्या थोडा आधीच उभा राहिला होता. मूळ कंपनी २०१५ मध्ये बेल्डेन या कंपनीकडे गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा विकली गेली.

ठसा काढण्याच्या गणिती रीती मात्र कालबाह्य होतात. एके काळी सर्वत्र वापरली जाणारी एमडी५ ही रीत २००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भेदली. दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा येऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. एसएचए-१ या रीतीचे तेच २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था व गूगल यांच्या संशोधकांनी केले. डिस्क खराब झाल्याने फाईल बिघडली का, एवढेच पाहायचे असेल तर एमडी५ आजही चालते. कुणी जाणूनबुजून बदल करील ही शंका असेल, तर एसएचए-२५६ किंवा तिच्याहून बळकट रीत हवी. विक्रीपत्रकात केवळ ‘चेकसम’ लिहिले असेल, तर कोणती रीत वापरली आहे ते विचारून घ्यावे. भारतात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅशमूल्याचा, म्हणजे या ठशाचा, रकाना आहे.

दोन प्रती ताडून पाहिल्याने काय साधते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण २००३ मधले आहे. लिनक्सचा गाभा त्या वेळी ‘बिटकीपर’ या व्यापारी साधनात ठेवला जात असे. ज्यांना बिटकीपर नको होते त्यांच्यासाठी त्याची एक प्रत सीव्हीएस या जुन्या मोफत साधनात होती. त्या नोव्हेंबरात प्रतीमध्ये मूळात नसलेल्या दोन ओळी असल्याचे आढळले. दिसायला ती निरुपद्रवी तपासणी होती. परंतु जिथे ‘बरोबर आहे का’ असे विचारणारी दोन बरोबरचिन्हे हवीत तिथे एकच होते, आणि त्यामुळे ठराविक रीतीने बोलावणाऱ्या प्रोग्रॅमला संगणकाचे सर्वाधिकार मिळाले असते. ओळी वाचून त्या सहज नजरेआड झाल्या असत्या. प्रत मूळाशी जुळत नाही, एवढ्या एका खुणेमुळे त्या पकडल्या गेल्या.

बिटकीपरची पुढची हकीकत खरेदीदाराने लक्षात ठेवण्याजोगी आहे. लिनक्सच्या विकासकांना ते फुकट वापरू दिले जात होते. २००५ मध्ये कंपनीने ती सवलत काढून घेतली. जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम ज्या साधनावर चालले होते, त्याची किल्ली एका कंपनीच्या हाती असल्याचे तेव्हा सर्वांना जाणवले. लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्याच एप्रिलमध्ये ‘गिट’ लिहायला घेतले आणि काही दिवसांत ते स्वतःचाच इतिहास सांभाळू लागले. बिटकीपर २०१६ मध्ये मुक्त झाले, पण तोवर बाजी उलटली होती.

एक उदाहरण

पैसे देऊन घेण्याच्या साधनांपैकी ‘बियाँड कम्पेअर’ हे अमेरिकेतील स्कूटर सॉफ्टवेअरचे साधन १९९० च्या दशकापासून टिकून आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. वरच्या वर्गीकरणात ते पहिल्या जातीचे आहे. दोन फोल्डर, दोन मजकूर, दोन तक्ते शेजारी ठेवून ते फरक रंगवून दाखवते. फोल्डरचे ‘स्नॅपशॉट’ घेण्याची सोय त्यात आहे. म्हणजे फाईली न उचलता त्यांची नावे, आकार आणि वेळा यांची यादी साठवता येते आणि महिन्याने प्रत्यक्ष फोल्डर त्या यादीशी ताडता येते. परवाना वापरणाऱ्या व्यक्तीमागे असतो, संगणकामागे नसतो, आणि तो दरवर्षी नव्याने घ्यावा लागत नाही. चाचणीचे ३० दिवस मोजण्याची रीतही प्रामाणिक आहे. ज्या दिवशी ते वापरले तोच दिवस मोजला जातो. तीन फाईली एकत्र करण्याची सोय फक्त महागड्या ‘प्रो’ आवृत्तीत मिळते. बहुतेक कार्यालयांना तिची गरज पडत नाही.

कंत्राटदाराच्या अडचणीवर याचा उपाय अर्धाच आहे. आदल्या संध्याकाळची प्रत ठेवलेली असती, तर कोणत्या रकान्यातील कोणता आकडा बदलला हे त्याने क्षणात दाखवले असते. प्रत नसेल तर त्याच्यापुढे ताडायला काहीच नाही. ते पहारा देत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. स्नॅपशॉटमध्ये यादी असते, मजकूर नसतो. त्यामुळे ‘फाईल बदलली’ एवढे कळते आणि ‘काय बदलले’ हे मात्र प्रत असल्याशिवाय कळत नाही. ज्याच्याकडे रोजच्या प्रती आहेत आणि त्यांतील फरक वारंवार पाहावे लागतात, त्याच्यासाठी हा खर्च सार्थ आहे. वर्षातून दोनदा गरज पडणाऱ्याने विनमर्जवर भागवावे.

चाचणीच्या काळात काय करून पाहावे

पहारेकरी जातीचे सॉफ्टवेअर घ्यायचे असेल, तर चाचणी अधिक खडतर हवी. एक रिकामे फोल्डर घेऊन त्यात नेहमीचेच व्यवहार करावेत. फाईल निर्माण करावी, बदलावी, नाव बदलावे, दुसऱ्या ड्राइव्हवर हलवावी, पुसावी, आणि पुसलेल्या नावानेच नवी ठेवावी. नंतर नोंदी उघडून त्यांत काय उमटले ते पाहावे. वर्डमधील दस्तऐवज एकदा जतन केला की कित्येक साधने चार-पाच घटना नोंदवतात, कारण वर्ड आधी तात्पुरती फाईल लिहितो आणि मग नावांची अदलाबदल करतो. चांगले साधन हा गोंधळ आवरून ‘दस्तऐवज बदलला’ अशी एकच ओळ देते. वाईट साधन कार्यालयाला पहिल्याच आठवड्यात इशाऱ्यांनी इतके भंडावते, की ते बंद केले जाते.

दुसरी कसोटी गर्दीची. पाच हजार लहान फाईली एकाच वेळी फोल्डरमध्ये ओताव्यात आणि नोंदी मोजाव्यात. विंडोज बदलाची सूचना एका ठराविक आकाराच्या साठ्यातून देते. सूचना वेगाने आल्या की साठा ओसंडतो आणि मधल्या घटना हरवतात. नेटवर्कवरील फोल्डरसाठी तर हा साठा ६४ केबीहून मोठा करता येत नाही. हे घडल्यावर साधन फोल्डर पुन्हा तपासते का, निदान ‘काही नोंदी सुटल्या’ असे कबूल तरी करते का, हे पाहणे महत्त्वाचे. गप्प बसणारे साधन नसलेले बरे. त्याच झटक्यात साधन बंद करून, एक फाईल बदलून, ते पुन्हा सुरू करावे. पहारेकरी झोपलेला असताना झालेला बदल काही साधने चेंज जर्नल वाचून किंवा जुन्या यादीशी ताडून शोधतात, तर काहींच्या लेखी तो झालेलाच नसतो.

तारीख-वेळेवर किती विसंबायचे, हाही प्रश्न आहे. जुन्या पेन ड्राइव्हवरील फॅट रचनेत फाईलच्या बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदली जाते, तर एनटीएफएसमध्ये ती सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत असते. त्यामुळे पेन ड्राइव्हवर नुसती उतरवून घेतलेली फाईलही ‘बदललेली’ दिसू शकते. साधनात एवढा फरक सोडून देण्याची सोय हवी. उलट, फाईलची तारीख मुद्दाम मागे नेणे हा कुणालाही जमणारा खेळ आहे. आकार तोच आणि तारीखही तीच ठेवून आतला आकडा बदलला, तर केवळ तारीख-आकार पाहणारे साधन फसते. ४,८५,००० आणि ४,५८,००० यांत अक्षरे तेवढीच आहेत, हे येथे आठवावे.

मराठी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक कसोटी आहे आणि परदेशी समीक्षांत तिचा उल्लेख सापडणार नाही. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाची फाईल तयार करावी. त्यातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये निरनिराळ्या प्रकारे लिहिता येतो. ऱ हे एकच सांकेतिक अक्षर घेऊन, र आणि नुक्ता अशी दोन अक्षरे घेऊन, किंवा र, हलंत आणि न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी नावे वाटतात. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाईल-रचना पहिल्या प्रकाराचे रूपांतर आपोआप दुसऱ्यात करत असे. परिणामी मॅकवरून विंडोजवर आलेली तीच फाईल तुलनेत एकदा ‘हरवलेली’ आणि एकदा ‘नवी’ दिसते. निदान पहिले दोन प्रकार एकच आहेत हे ज्या साधनाला कळते, ते देवनागरीसाठी चालण्याजोगे समजावे. मुद्रणव्यवसायात जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतील मजकूर अजूनही जपलेला असतो. तो तुलनेत रोमन अक्षरांच्या जंजाळासारखा उमटतो. साधनात फॉन्ट बदलता येत असेल तर ही अडचण सुटते.

काय होणार नाही

खंडणीखोर व्हायरसच्या भीतीने अशी सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांची संख्या मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’सारख्या घटनांनंतर वाढली असल्यास नवल नाही. एकाएकी शेकडो फाईली बदलू लागल्या, की चांगला पहारेकरी घंटा वाजवतो. कुलूपबंद झालेली फाईल मात्र तो परत देऊ शकत नाही. त्यासाठी संगणकापासून सोडवून ठेवलेली प्रतच लागते.

कंपन्यांच्या हिशेबांबाबतही गैरसमज आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याच्या नियमांनुसार, हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहारातील बदलाची तारखेसह नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय असावी लागते. बाहेरून फाईलीवर नजर ठेवणारे साधन ‘हिशेबाची फाईल ९ वाजून १२ मिनिटांनी बदलली’ असे सांगेल. कोणत्या व्हाउचरमधील कोणती रक्कम बदलली, हे त्याला दिसत नाही. ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरनेच नोंदवायला हवे. ‘आमचे साधन बसवा, कायद्याची पूर्तता होईल’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला सनदी लेखापालासमोर बसवून हाच प्रश्न विचारावा.

परवान्याची कलमे वाचताना किंमत सर्वांत शेवटी पाहिली तरी चालेल. नोंदी साध्या मजकुराच्या किंवा तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येतात का, आणि मुदत संपल्यावर जुन्या नोंदी वाचता येतात का, हे आधी विचारावे. बिटकीपरसारखी पाळी आली तर याच कलमांवर सारे अवलंबून असते. नोंदी कुठे साठतात, हेही तेवढेच महत्त्वाचे आहे. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच संगणकावर त्या असतील आणि त्याला पुसता येत असतील, तर पहारा असून नसल्यासारखा. ट्रिपवायरच्या कर्त्यांनी यादी न पुसता येणाऱ्या माध्यमावर ठेवायला सांगितले होते, ते यासाठीच.

कंत्राटदाराच्या कार्यालयापुरते बोलायचे, तर तिघांना तीन खाती, सामायिक फोल्डरवर विंडोजचे ऑडिट आणि त्याच्या नोंदवहीचा वाढवलेला आकार, रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर उतरणारी प्रत आणि फरक पाहायला एखादे तुलनेचे साधन, एवढ्यावर काम भागते. यांतील पैसे लागण्याजोगी गोष्ट फार तर शेवटची आणि ती जादा डिस्क. पहिली प्रत आणि पहिली यादी सगळे आकडे तिघांनी मिळून तपासलेल्या दिवशीच काढावी.